जॉर्डनसच्या मागे मागे, ठाण्याहून सोपाऱ्याला

मुलुंड चेकनाक्यावर राहणाऱ्या माणसाला आपण जगाच्या टोकाला राहतो असं वाटायचं काही कारण नाही. ठाणं हाकेच्या अंतरावर, स्टेशन रिक्षाच्या टप्प्यात. पण सातशे वर्षांपूर्वी दक्षिण फ्रान्समधल्या सेव्हेराक गावचा एक ख्रिस्ती उपदेशक ठाण्याला उतरला, तेव्हा त्याच्या लेखी हे दुसरंच जग होतं. जॉर्डनस कॅटलानी त्याचं नाव. पुढे त्याने लॅटिनमध्ये एक छोटंसं पुस्तक लिहिलं, 'मिराबिलिया डिस्क्रिप्टा', म्हणजे पाहिलेल्या नवलांची वर्णनं. हेन्री यूलने ते १८६३ साली इंग्रजीत आणलं. ते वाचून झालं आणि मला राहवेना. ज्या रस्त्यांवरून मी रोज कामाला जातो, भाजी आणतो, ते रस्ते या माणसाच्या डोळ्यांनी बघायला मी निघालो.

जॉर्डनस डॉमिनिकन संघाचा. या संघाला पोपची मान्यता मिळाली १२१६ साली. संघाचं अधिकृत नावच मुळी उपदेशकांचा संघ. मठाच्या भिंतीआड जपजाप्य करत बसायचं नाही, भिक्षा मागत गावोगाव फिरायचं आणि लोकांना समजेल अशा भाषेत बोलायचं, ही त्यांची रीत. याच संघाचा व्हिन्सेंट फेरर (१३५०–१४१९) पुढे स्पेन, फ्रान्स, इटलीभर फिरला. त्याला ऐकायला एवढी गर्दी लोटायची की चर्च अपुरं पडायचं आणि प्रवचन मैदानात करावं लागायचं. जॉर्डनस त्याच्या आधीच्या पिढ्यांमधला. त्याच्या वाट्याला मैदान आलं नाही की गर्दीही आली नाही. त्याच्या वाट्याला आली ठाण्याची खाडी.

इराणातल्या तब्रीझहून तो निघाला तेव्हा बरोबर चार फ्रान्सिस्कन होते: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डिमीट्रियस. डिमीट्रियसला बऱ्याच भाषा येत, म्हणून दुभाषाचं काम त्याच्याकडे. होर्मुझला ते गलबतावर चढले ते केरळातल्या कोल्लमला जायचं म्हणून. वाऱ्याने त्यांना आणून टाकलं ठाण्याला. शिलाहारांचं श्रीस्थानक, मग यादवांचं ठाणं, आणि १३२१ च्या या वसंतात दिल्लीच्या सुलतानाच्या अंमलाखालचं बंदर. गावात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती. पोर्तुगीज इथे यायच्या दोनशे वर्षं आधी ठाण्यात ख्रिस्ती घरं होती, हे मला या पुस्तकाच्या नादाला लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्याकडे ख्रिस्ती धर्माची गोष्ट सुरू होते ती वसईच्या किल्ल्यापासून.

त्या घरांतल्या एकात पाचही जण उतरले. जॉर्डनस लवकरच भरुचला जायला म्हणून निघाला आणि वाटेत सोपाऱ्याला पोहोचला. इकडे ठाण्यात यजमानाने भांडणात बायकोवर हात उगारला. बाई तडक काझीकडे गेली. साक्षीदार कोण, तर घरी उतरलेले परदेशी साधू. पीटर सामान राखायला घरी थांबला, बाकीचे तिघे गेले. नवराबायकोचं भांडण बाजूला राहिलं आणि काझीने त्यांना धर्मावर प्रश्न विचारायला सुरुवात केली. थॉमसने पैगंबरांविषयी आपलं मत उघड सांगितलं, आणि तिथून पुढे सगळं हाताबाहेर गेलं. पुढे ठाण्यात आलेला प्रवासी साधू, पोर्देनोनेचा ओडोरिक, लिहितो की जेम्सला आगीत टाकलं आणि त्याचा केसही जळला नाही. ठाण्याच्या मलिकाला, म्हणजे गावच्या अधिकाऱ्याला, हे प्रकरण मिटवायचं होतं. त्याने तिघांना गुपचूप खाडीपलीकडच्या वस्तीत पाठवलं, आणि त्या रात्री त्यांना आसरा दिला तो एका हिंदूच्या घराने. काझीच्या आग्रहावरून मारेकरी तिथेही पोहोचले. ९ एप्रिल १३२१ ला तिघे गेले. पीटर ११ एप्रिलला.

खाडीपलीकडची ती वस्ती कळव्याच्या बाजूची असावी असं मी धरून चाललो आहे. कळव्याच्या पुलावर मी बराच वेळ उभा होतो. खाली भरतीचं गढूळ पाणी, कडेला तिवरं, मागून ट्रकांची रांग. त्या घरातल्या माणसाचं नाव कोणीच लिहून ठेवलेलं नाही. धर्म वेगळा, भाषा कळत नाही, आणि दारात काझीच्या रोषातले तीन लोक. तरी त्याने दार उघडलं. चौघा हुतात्म्यांची नावं युरोपात राहिली, थॉमसला तर १८९४ मध्ये पोप तेराव्या लिओने धन्यवादित म्हणून मान्यता दिली. मला मात्र या बिननावाच्या ठाणेकराबद्दल जास्त कुतूहल आहे.

जॉर्डनस परत आला. जिनोव्हाच्या एका तरुणाच्या मदतीने त्याने चौघांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. मग एकटाच राहिला, अनोळखी मुलखात, बरोबर आलेलं एकही माणूस नाही.

बोरिवलीहून विरार गाडी पकडून मी नालासोपाऱ्याला उतरलो. स्टेशनबाहेरची गर्दी मागे टाकून सोपारा गावात शिरलं की चाळी, तबेले, तळी आणि मग कुंपणातला तो स्तूप. गावकरी त्याला बुरुडराजाचा कोट म्हणतात. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, तेव्हा आत दगडी पेटी मिळाली आणि तिच्यात एकात एक बसवलेले करंडक. कोणे काळी बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून मानलेले तुकडे त्यात जपून ठेवले होते. सोपाऱ्याच्या या मातीत बौद्धांनी आपल्या गुरूची आठवण पुरली, आणि कित्येक शतकांनी त्याच गावात एका फ्रेंच साधूने आपले चार सोबती पुरले. तिथल्या बाकावर बसलेल्या एका आजोबांना मी ही हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बंदर होतं ना बाळा. बंदरात सगळेच येणार."

ते चौघे सोपाऱ्यातही राहिले नाहीत. ओडोरिकने त्यांची हाडं उचलली, स्वच्छ कापडात बांधली आणि जहाजाने चीनमधल्या झैतून बंदरात नेऊन तिथल्या फ्रान्सिस्कन मठात ठेवली. झैतून म्हणजे आजचं क्वानझोऊ. ठाण्यात मेलेल्या साधूंची समाधी चीनमध्ये, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

आणि आता जॉर्डनसची नवलं. चार मित्र गमावलेल्या माणसाच्या लिखाणात कडवटपणा असेल असं मला वाटलं होतं. तसं नाही. इथलं सगळंच त्याला अद्भुत वाटतं. उन्हाने तो हैराण होतो, परक्याला हा उकाडा सोसवत नाही हे स्वच्छ सांगतो, पण लगेच झाडांकडे वळतो. पारंब्या सोडणारी झाडं. नारळ. आंबा. आणि फणस! फळ फांदीला न लागता थेट खोडाला लागतं आणि एका फळात पाच माणसांचं भागतं, हे त्याने युरोपातल्या वाचकांना किती हौसेने सांगितलंय. मुलुंडच्या बाजारात मे महिन्यात मी फणसवालीपाशी मुद्दाम थांबलो.

"मावशी, कापा की बरका?"

"कापा आहे दादा. वास घ्या ना."

तिने कोयतीला खोबरेल चोळलं, फणस आडवा धरला आणि एका दमात दोन भाग केले. पांढरा चीक ओघळला, तो तिने कागदाने टिपला आणि पिवळे गरे बोटांनी सोडवायला लागली. लहानपणापासून हे बघत आलोय. त्या दिवशी मात्र मी पहिल्यांदाच हे फळ पाहणाऱ्या माणसासारखा बघत होतो: ही काटेरी अवजड वस्तू खोडाला चिकटून वाढते, तिच्या आत एवढा गोडवा असतो, आणि तो काढायला हाताला तेल लागतं. जॉर्डनसचं काही चुकलं नव्हतं. हे नवलच आहे.

वटवाघळांबद्दल त्याने लिहिलंय की ती घारीएवढी असतात, दिवसा कुठे उडत नाहीत, झाडाला पायांनी उलटी लटकून राहतात आणि लांबून मोठ्या फळांसारखी दिसतात. संध्याकाळी येऊरच्या डोंगराकडून ती निघतात तेव्हा गच्चीवरून बघावं, वर्णनात एका अक्षराची अतिशयोक्ती नाही. ओडोरिकने ठाण्यातले उंदीर कुत्र्याएवढे असल्याचं लिहिलंय. मांजरं त्यांच्यापुढे निकामी, ते पकडायला कुत्रेच लागतात. युरोपात हे थाप म्हणून वाचलं गेलं असेल. आमच्या सोसायटीच्या गटाराशी रात्री घूस पाहिलेल्या कोणालाही विचारा. अग्नीची पूजा करणारे लोक आपले मृतदेह पुरत नाहीत की जाळत नाहीत, बिनछपराच्या मनोऱ्यात पक्ष्यांसाठी ठेवतात, हेही जॉर्डनसने टिपलंय. पारश्यांच्या दखम्यांची एवढी जुनी नोंद, तीही तिरस्काराशिवाय केलेली.

बोरिवलीच्या मंडपेश्वरला मी याच भटकंतीत गेलो. शिवाची लेणी, भिंतीवर नृत्यमग्न शिव. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात फ्रान्सिस्कन अंतोनियो दो पोर्तोने लेण्याचं चर्च केलं. एका शिल्पपटाच्या जागी कोरलेला मोठा क्रूस अजून दिसतो, आणि वर टेकाडावर मठाचे भग्न अवशेष उभे आहेत. बोट लावून तो क्रूस बघताना मला वाईट वाटलं. दो पोर्तोच्या पाठीशी राजा होता, आरमार होतं. जॉर्डनसच्या पाठीशी कोणी नव्हतं. ठाणे आणि सोपाऱ्याच्या दरम्यान त्याने पस्तीस जणांना बाप्तिस्मा दिला, ते केवळ बोलून. दोघांचा धर्म एक, दोघेही उपदेशक, पण माझ्या मनात दोघांची जागा एक नाही.

आणि जॉर्डनसला कमी सोसावं लागलं अशातला भाग नाही. ऑक्टोबर १३२१ मध्ये गुजरातेतल्या घोघ्याहून आणि जानेवारी १३२४ मध्ये ठाण्याहून त्याने इराणातल्या आपल्या बांधवांना पत्रं लिहिली. आणखी साधू पाठवा, असं तो विनवतो. सोपाऱ्याला दोघे मागतो. आपल्याला तुरुंगात टाकलं, मारलं, दगड घातले, केस उपटले, हे तो पुस्तकात लिहितो. आणि त्याच पुस्तकात हेही लिहितो की इथल्या हिंदू लोकांमध्ये माणूस निर्धास्तपणे आपला धर्म सांगू शकतो, ऐकणाऱ्याला कोणी अडवत नाही. दोनतीनशे चांगले उपदेशक आले तर वर्षाला दहा हजार लोक ख्रिस्ती होतील, असा त्याचा हिशेब होता. हिशेब साफ चुकला. पण ऐकून घेणारे लोक त्याने बरोबर ओळखले होते.

१३२९ साली पोप बाविसाव्या जॉनने आव्हिन्यों येथे कोल्लमचा धर्मप्रांत निर्माण केला आणि जॉर्डनसला तिथला बिशप नेमलं. युरोपात परतलेल्या जॉर्डनसला तिथेच सुखाने राहता आलं असतं. पण एप्रिल १३३० ची पोपची पत्रं कोल्लमच्या ख्रिस्ती लोकांच्या नावाने आहेत आणि ती पोहोचवायची होती त्यानेच, वाटेत सुलतानियाच्या आर्चबिशपला त्याच्या पदाचं वस्त्र देऊन.