शेड जुळत नाही

मी डाईंग खात्यातला कामगार. इचलकरंजीच्या एका प्रोसेसमध्ये जिगरवर उभा असतो. कापड एका रुळावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून परत पहिल्यावर, आणि खाली रंगाचं गरम पाणी. घरी गेल्यावर माझी नखं बघून आई सांगते, आज कुठला माल चालू होता.

सुट्टीच्या दिवशी मामाच्या गॅरेजवर जातो. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर, एक ट्यूब आणि ‘डेंटिंग पेंटिंग’ अशी पाटी. मामा तिथं गाड्या रंगवतो. तुम्ही म्हणाल, आपल्या अंकात गाडीच्या रंगाचं काय काम? थांबा जरा. मी नववीतून सुटलेला माणूस. अक्षरं शाळेत शिकलो, पण वाचायचा नाद लागला तो मास्किंगमुळं. रंग मारायच्या आधी काचा, टायर, बाजूचे दरवाजे रद्दीच्या पेपरांनी झाकतात, कडेला टेप लावतात. मी टेप लावता लावता वाचत बसायचो. मामा ओरडायचा, ‘‘पेपर लावायला दिलाय, वाचायला न्हाई.’’ माझी पहिली कविता अशाच एका कागदाच्या कोऱ्या कडेवर लिहिली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर लाल रंग उडालेला होता.

पत्रा ठोकून सरळ करणं, लांबी भरणं, ऐंशी नंबरचा कागद मारून ती उतरवणं, मग बारीक कागद, मग प्रायमर, मग पाणी लावून घासणं, हे सगळं अंगमेहनतीचं काम. चार महिन्यांत जमतं. जमत नाही ती शेड. पूर्वीच्या पांढऱ्या गाड्या, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या, त्यांचं सोपं होतं. साधा सपाट रंग. खरं दुखणं सिल्व्हरचं.

सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते कण पत्र्यावर कसे पडतात त्यावर रंग ठरतो. गन लांब धरली, हवा जास्त झाली, कोट कोरडा बसला, की रंग उजळ दिसतो. तोच डबा, तोच थिनर, पण गन जवळ धरून ओला कोट मारला की काळपट. समोरून बघितलं तर एक, वाकून बाजूनं बघितलं तर दुसराच. बॉनेटखाली नाहीतर दरवाजाच्या खांबावर कंपनीच्या रंगाचा कोड असतो. रंगाच्या दुकानात तो कोड सांगितला की कॉम्प्युटर फॉर्म्युला काढतो आणि दुकानदार काट्यावर ग्रॅमच्या हिशेबानं रंग मिसळून देतो. पण एकाच कोडच्या दोन गाड्या एकसारख्या नसतात. कंपनीतून निघतानाच फरक असतो, आणि वर आठ-दहा वर्षांचं ऊन. मामा कोडवर विश्वास ठेवत नाही. पेट्रोलच्या टाकीचं झाकण खोलून घेतो, पॉलिश मारून मूळ रंग वर काढतो आणि ते झाकण घेऊन दुकानात जातो. मग एका कार्डावर रंग मारायचा, वर क्लिअर मारायचा, सुकवायचं, आणि ते कार्ड गाडीला लावून उन्हात बघायचं. क्लिअर चढल्याशिवाय खरा रंग कळत नाही. नुसता बेस सुकला की राखेसारखा दिसतो.

गेल्या पावसाळ्यानंतर एक सिल्व्हर गाडी आली. मागचा डावा दरवाजा गेटच्या खांबाला घासलेला. मालक चांगल्या घरचा, बोलायला गोड. म्हणाला, ‘‘मिस्त्री, मुलीचं लग्न ठरतंय. पाहुणे येतील. दरवाजा केलाय हे कुणाला कळता कामा नये.’’ मामानं चहा मागवला. साहेबानं दोन कप घेतले, आलं छान आहे म्हणाले.

त्या रात्री मामाला ताप. शेड मी लावली. ट्यूबखाली कार्ड दरवाजाला लावलं, अगदी एकजीव. दरवाजा मारून मोकळा झालो, नाकाला फडकं बांधून. फडक्यानं काय होतंय म्हणा. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते छातीत जातं, त्यानं दमा लागतो. मामाचा खोकला कुठला आहे हे आम्हाला माहीत आहे, आणि चांगला मास्क कितीला मिळतो तेही माहीत आहे.

सकाळी शटर उघडलं. ऊन आत आलं. दरवाजा गाडीतून वेगळा होऊन उभा. निळसर. कुणीतरी दुसऱ्या गाडीचा आणून बसवल्यासारखा.

ह्याची मला लाज वाटली, कारण ही गोष्ट मी रोज खात्यात बघतो. दोन रंग वेगवेगळ्या पुड्या मिसळून केलेले असले तर एका उजेडात जुळतात, दुसऱ्या उजेडात फुटतात. तागा ट्यूबखाली पास होतो आणि उन्हात नापास. म्हणून मास्टर पेटीत कापड धरून उजेड बदलून बदलून बघतो. आणि मी, साला, एका ट्यूबवर भरवसा ठेवला.

मामा तापातनं उठून आला. शिव्या दिल्या नाहीत. म्हणाला, ‘‘शेड कधीच जुळत नसती रं. ती मिसळायची असती.’’

मग त्यानं जे केलं ते मी बघत राहिलो. शेड उन्हात पुन्हा लावली. पुढचा दरवाजा आणि मागचा पत्रा, जिथं काहीच झालं नव्हतं, तेही बारीक कागदानं घासून घेतले. दरवाजावर पूर्ण रंग. तिथून शेजारच्या पत्र्यावर गन नेता नेता हात वळवून सोडायचा, पुढं पातळ, आणखी पातळ, मध्यावर काहीच नाही. वर क्लिअर मात्र तिन्हीवर पूर्ण, कडेपर्यंत. दोन रंगांमध्ये रेघ असली की डोळा लगेच पकडतो. रेघच ठेवली नाही तर फरक असूनही दिसत नाही. कंपनीतून आलेल्या नव्या गाडीचा प्लॅस्टिकचा बंपर बघा कधी, शेजारच्या पत्र्याशी पुष्कळदा जुळत नाही. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. आम्ही केलेला दरवाजा मात्र भिंग लावून बघतात.

मिसळण्याबद्दल माझंही एक सांगतो. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’. त्यावरून काही कळत नाही. दोन वर्षांपूर्वी खोली बघायला गेलो तेव्हा ते कामाला आलं. घरमालकिणीनं पुढं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बाबासाहेबांचा फोटो मी तीन महिने ट्रंकेत ठेवला. कपड्यांच्या खाली. मी, जो चौदा एप्रिलला स्टेजवर कविता म्हणतो. शेवटी आईनंच भिंतीला खिळा ठोकला. पुढच्या महिन्यात खोली सोडावी लागली. मालकिणीच्या भाच्याला पाहिजे होती म्हणे. आई सामान बांधताना गाणं म्हणत होती, मी गप्प होतो. हे मी आजपर्यंत कुठल्या बैठकीत बोललो नव्हतो.

तर साहेब गाडी न्यायला आले. दुपारचं टळटळीत ऊन. गाडीभोवती दोनदा फिरले, वाकून बघितलं, बोट फिरवलं. कुठून कुठपर्यंत काम केलं ते सापडेना. खूश झाले. मामानं चहा मागवला. चहा यायच्या आत साहेब मला म्हणाले, ‘‘हात चांगला आहे तुझा. आडनाव काय?’’

सांगितलं.

‘‘म्हणजे तिकडचे. गावात कुठं घर?’’

दोन प्रश्न. पत्रा ठोकायला आमचे चार दिवस गेले होते.

मी गल्ली सांगितली. भीमनगर म्हटलं. मोठ्यानं.

चहा आला. साहेब म्हणाले, ‘‘मला नको, ॲसिडिटी होते.’’ ग्लास स्टुलावर तसाच. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे आणि आपली थुंकी लागलेलं सूत बाकीच्यांना चालत नसे. पगार त्याच खात्यात जास्त. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या वेळी तो प्रश्न पुढं आणला. तेव्हा लोक तोंडावर तरी बोलत. आता ॲसिडिटी होते.

साहेबांनी नोटा माझ्या हातात दिल्या नाहीत. बॉनेटवर ठेवल्या, मामानं उचलून स्टुलावर ग्लासाखाली दाबल्या. गाडी गेली. उन्हात तिन्ही पत्रे एकसारखे चमकत होते, अगदी वळणापर्यंत.

‘‘कशाला सांगितलंस?’’ मामा म्हणाला.

‘‘विचारलं त्यानं.’’

‘‘विचारलं म्हणून?’’

मामानं ग्लास उचलला, बोटानं साय काढून टाकली आणि साहेबांचा चहा पिऊन टाकला. ग्लास खाली ठेवून म्हणाला, ‘‘त्या नोटा मोज.’’

मोजल्या. दोनशे कमी होते.