मग होडी कुठे आहे?

आमच्या बाहेरच्या खोलीत नऊ वर्षं एक कृष्ण होता. मीच काढलेला, कॅलेंडरवरून. बासरीवरची बोटं मला काही साधली नव्हती. नीट मोजली तर डाव्या हाताला सहा भरतील की काय, अशी धास्ती वाटे. पण आल्यागेल्यानं कौतुकच केलं. शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलेली, तेव्हा घरातली ‘चित्रकार’ मीच!

मागच्या वर्षी वाचनालयात वासुदेव गायतोंडे यांच्यावरचं पुस्तक हाती लागलं. १९२४ साली नागपूरला जन्मलेले, १९४८ साली जे. जे.मधून पदविका घेतलेले हे चित्रकार पुढे रोलर नि सुरीनं रंगाचे थर चढवू लागले, खरवडू लागले. चित्रात ना माणूस, ना झाड. बरं, ‘अमूर्त’ हा शब्दही त्यांना पसंत नव्हता! खरं सांगते, अर्धं पुस्तक डोक्यावरून गेलं. पण रोलर आमच्या माळ्यावर होता, मोरीची भिंत रंगवताना आणलेला.

मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. घरी आल्यावर मुलं येईपर्यंतचे दोन तास माझे. पहिली चार चित्रं म्हणजे निव्वळ शेणकाला. लाल, निळा, पिवळा ओल्यावर ओला फासला की मातकटच होणार, हे कळायला चार कॅनव्हास खर्ची पडले. (किंमत सांगत नाही, हा अंक घरात सगळेच वाचतात.) मग एक थर पुरता वाळू द्यायला शिकले. ॲक्रिलिक लवकर वाळतो, तेवढ्यात भाजी चिरून होते. त्यावर दुसरा पातळ थर देऊन तो ओला असतानाच लोणी लावायच्या सुरीनं खरवडला, की खालचा रंग डोकावतो.

“माणसं जमत नाहीत म्हणून हे का?” ह्यांनी विचारलं. थट्टेतच, पण लागलं. कारण तीच शंका माझ्याही मनात होती. कृष्णाचं बोट चुकलं तर स्वतःचा हात समोर धरून बघता येतो. इथे चूक कशाशी ताडून पाहायची? एका चित्राचा उजवा कोपरा मी अकरा वेळा रंगवला. का, ते सांगता आलं नसतं. तिथे नजर अडखळत होती एवढंच. बाराव्यांदा अडखळली नाही, तेव्हा हात थांबवला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कृष्ण उतरवून तेच चित्र लावलं. तिळगूळ झाला, वाण झालं नि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

“वहिनी, हे काय आहे हो?”

माझा धीरच सुटला. “समुद्र,” म्हणून मोकळी झाले.

“मग होडी कुठे आहे?” शेजारच्या काकू.

“लांब गेली,” मी म्हटलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. रात्री मात्र स्वतःचाच राग आला. बारा वेळा रंगवलेला तो कोपरा, आणि मी त्याला एका शब्दात विकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई चित्रासमोर वाती वळत बसल्या होत्या. “समुद्र कसला गं? ही तर आमच्या गावच्या घरातली चुलीमागची भिंत.”

तीही मी काढलेली नव्हती. पण या खेपेला गप्प राहिले. वाती वळून झाल्या तरी त्या उठल्या नाहीत.

“कृष्ण परत लावायचा ना?” ह्यांनी विचारलं.

“रथसप्तमी होऊ दे,” मी म्हटलं.

रथसप्तमी होऊन तीन आठवडे झाले. कृष्ण अजून कपाटामागेच आहे.