दहा फेऱ्या, पाव फेरी

माझं घर लातूरचं, इंजिनीअरिंग झालं नांदेडला, आणि पोट चालतं पुण्यात, आयटीवर. मेकॅनिकलचं बरंचसं विसरलो, पण एक यंत्र काही डोक्यातून गेलं नाही. गिअर ऑपरेटर! मोठ्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवलेली गिअरची पेटी आणि ती फिरवायचं चाक.

एक हिशोब करून बघा. एक मीटर व्यासाची पाइपलाइन, मागे 50 मीटर उंचीचं पाणी, मध्ये बंद बटरफ्लाय व्हॉल्व्ह. त्याच्या तबकडीवर भार किती? सुमारे 39 टन! तबकडी मधोमध दांड्यावर फिरते, त्यामुळे दोन बाजूंचा दाब एकमेकांना बराचसा तोलतो. तरी बेअरिंगचं घर्षण आणि रबराची पकड उरतेच. नुसता दांडा धरून ती हलवणं माणसाच्या आवाक्यातलं काम नाही.

म्हणून वर्म गिअर. 40 ला 1 असं प्रमाण असेल, तर तबकडीच्या पाव फेरीसाठी चाकाच्या 10 फेऱ्या. जोर कमी, फेऱ्या जास्त.. फुकट काहीच नाही. त्यातही निम्म्याहून जास्त मेहनत बहुतेक वेळा घर्षणात जाते. वाया? नाही! त्याच घर्षणामुळे पाण्याने कितीही ढकललं तरी चाक उलटं फिरत नाही. तबकडी जिथे सोडली तिथेच राहते.

आणि त्या 10 फेऱ्यांना लागणारा वेळ? तोही कामाचाच. पोलादी पाइपमध्ये सेकंदाला 1 मीटर वेगाने जाणारं पाणी एकदम अडवलं, तर दाब सुमारे 10 बारने उसळतो. म्हणजे 100 मीटर उंचीचं पाणी अचानक डोक्यावर! हाच तो वॉटर हॅमर. पाइप फुटायला एवढं पुरतं.

फुटला तर काय, हे लातूरकराला विचारा. मांजरा धरण आटलं तेव्हा, 12 एप्रिल 2016 ला, मिरजेहून पहिली 'जलदूत' रेल्वे आली. 10 वॅगन, 5 लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. वरच्या आपल्या पाइपमधून त्याच वेगाने एवढं पाणी वाहून जायला 11 मिनिटंही लागत नाहीत.

आम्ही आयटीवाले एक क्लिक कमी केला की खूश होतो. ठीक आहे, तिकीट बुक करताना ते हवंच. पण जिथे झटक्यात केलेलं काम परत फिरवता येत नाही, तिथे चार पायऱ्या जास्त असलेल्याच बऱ्या. चालू डेटाबेस पुसायची कमांड एका बटणावर कशाला हवी?

आता मोटरवर चालणारे व्हॉल्व्हही आलेत. पण त्यांनाही सहसा हाताने फिरवायचं चाक ठेवलेलं असतं. लाइट गेली तर?

मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको :-)