स्क्रीनवर फक्त ‘एल आय’

२००२-०३ च्या सुमारास नांदेडला विष्णुपुरीत शिकणाऱ्या आमच्यासारख्या पोरांच्या खोलीवर कॉम्प्युटर असणं हीच मोठी गोष्ट होती. श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आसपास ज्याच्या खोलीवर तो असे, त्याच्या एकाच हार्ड डिस्कवर बहुधा दोन ऑपरेटिंग सिस्टिम असत. टर्बो सी, गाणी आणि सिनेमे यांच्यासाठी विंडोज ९८ किंवा तेव्हा नवी असलेली एक्सपी. प्रॅक्टिकलसाठी रेड हॅट लिनक्स. मशीन चालू केलं की मेनू यायचा, बाणाची कळ दाबून हवी ती सिस्टिम निवडायची. एखाद्या दिवशी तो मेनूच यायचा नाही. मग त्या खोलीत गर्दी जमायची.

लातुरात कारण वेगळं होतं, दुखणं तेच. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या भागातल्या आणि बाहेरच्याही डीटीपीवाल्यांचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला लावलेल्या डोंगलवर आणि विंडोज ९८ वरच धड चालायचं. नवा स्कॅनर मात्र एक्सपी मागायचा. म्हणून एकाच मशीनवर ९८ ही आणि एक्सपीही. ९८ बिघडली म्हणून कुणी ती पुन्हा टाकली, की एक्सपीची वाट बंद. ऐन लग्नसराईत पत्रिकांचा मजकूर एक्सपीत अडकलेला, गिऱ्हाईक बाकड्यावर बसलेलं, आणि दुकानदाराचा फोन: “दादा, एक्सपीचं नावच येईना गेलंय. सगळं गेलं की काय?”

सगळं कधीच गेलेलं नसायचं. तेव्हाच्या हार्ड डिस्कचा अगदी पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले पहिले ४४६ बाइट मशीन सुरू करून देणाऱ्या कोडचे, पुढचे ६४ पार्टिशन टेबलचे, शेवटचे २ खुणेचे. विंडोज पुन्हा टाकली की ती त्या ४४६ बाइटवर आपला कोड लिहायची. डिस्कवर दुसरं काही आहे का, हे बघायची नाही. लिनक्सची एकही फाइल हललेली नसायची. तिच्याकडे नेणारा कोड तेवढा पुसला जायचा. ९८ आणि एक्सपीच्या भांडणात हाच प्रकार पार्टिशनच्या बूट सेक्टरमध्ये व्हायचा. एक्सपीच्या सीडीवरून रिकव्हरी कन्सोल उघडायचं, ‘फिक्सबूट’ द्यायचं, ‘बूट डॉट आयएनआय’ फाइलमधल्या दोन्ही ओळी जागेवर आहेत का ते बघायचं, आणि पत्रिका छापायला जायची.

लिनक्सवाल्यांकडे तेव्हा लिलो नावाचा बूटलोडर होता. त्याची एक गोष्ट मला अजूनही फार आवडते. सुरू होताना तो आपल्या नावाचं एकेक अक्षर टप्प्याटप्प्याने स्क्रीनवर टाकायचा. नुसता ‘एल’ आणि त्यापुढे आकड्यांची रांग लागली, तर डिस्क वाचतानाच अडचण. ‘एल आय’वर थांबला, तर दुसरा टप्पा मेमरीत आला पण चालू झाला नाही; बायोसने धरलेला डिस्कचा हिशेब आणि लिलोने धरलेला हिशेब जुळत नसला की हे व्हायचं. ‘एल आय एल’ आलं, तर गाडी आणखी थोडी पुढे जाऊन अडकलेली. चारही अक्षरं उमटली की खोलीतले सगळे एकदम श्वास सोडायचे. काळ्या स्क्रीनवरची दोन पांढरी अक्षरं बघून बिघाड कुठे आहे हे सांगणारे सिनियर आमच्यात होते, आणि त्यांच्याबद्दल आम्हाला जो आदर वाटायचा तो परीक्षेत पहिल्या आलेल्यांबद्दलही वाटत नसे.

लिलोचा स्वभावही समजून घ्यावा लागे. कर्नल डिस्कवर नेमका कुठे पडला आहे, त्या जागा तो आकड्यांत लिहून ठेवायचा. फाइलचं नाव त्याला कळायचं नाही. त्यामुळे नवा कर्नल टाकला आणि शेवटी ‘लिलो’ ही कमांड द्यायची राहिली, की दुसऱ्या दिवशी मशीन उभं राहत नसे. त्यात जुन्या बायोसला १०२४ सिलिंडरच्या पलीकडचं, म्हणजे साधारण ८.४ जीबीच्या पुढचं, वाचता यायचं नाही. म्हणून ‘बूट’चं छोटं पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीलाच करायचं, हा नियम पहिल्या वर्षाच्या पोरांकडून घोकून घेतला जायचा. पुढे ग्रब आला. त्याला फाइल सिस्टिम वाचता यायची आणि बिघडला तरी तो बोलायचा: ‘एरर १७’ म्हणजे पार्टिशन सापडलं पण आत शिरता आलं नाही, ‘एरर १५’ म्हणजे फाइल नाही. ग्रबची मोजणी शून्यापासून, त्यामुळे सहावं पार्टिशन त्याच्या हिशेबात पाचवं. सीडीवरून मशीन चालू करून ‘रूट’ आणि ‘सेटअप’ या दोन ओळी बरोबर दिल्या की मेनू परत यायचा.

आमच्याकडे या सगळ्याला आणखी एक धनी होता, तो म्हणजे लोडशेडिंग. मराठवाड्यात त्या काळी दिवसातले कित्येक तास वीज नसायची, आणि यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यात कधी दगा देईल याचा नेम नसे. रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत ईएक्सटी-२ फाइल सिस्टिम असायची. लिहिता लिहिता वीज गेली, की पुढच्या वेळी पूर्ण डिस्कची तपासणी. ती मध्येच थांबायची, रूटचा पासवर्ड मागायची, आणि मग प्रत्येक प्रश्नाला ‘वाय’ दाबत बसायचं. तेवढ्यात पुन्हा वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. २००१ च्या शेवटी रेड हॅट ७.२ सोबत ईएक्सटी-३ आली, तिच्यात बदलांची नोंद आधी ठेवली जायची, आणि हा त्रास एकदम उतरला. पुण्या-मुंबईच्या माणसाला या सुधारणेचं मोल तितकं कळलं नसेल. विष्णुपुरीतल्या पोरांना ते पहिल्याच आठवड्यात कळलं.

इंटरनेट होतं ते डायल-अप. पूर्ण सीडीची फाइल त्यावर उतरवण्याचा विचारही कुणी करत नसे. पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सच्या सीडी यायच्या. एक संच सगळ्या खोल्या फिरून, ओरखडे घेऊन परत यायचा. उबंटूवाले तर मागेल त्याला फुकट सीडी टपालाने पाठवायचे. ते पाकीट परदेशातून थेट आपल्या नावावर येतं, याचं घरच्यांनाही अप्रूप होतं. २०११ मध्ये ती सोय बंद झाली.

आणि सीडीने भागलं नाही की हार्ड डिस्कच प्रवासाला निघायची. टॉवेलात गुंडाळून, बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवून, नांदेडहून लातूरच्या एसटीत. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर. तेव्हाच्या रस्त्यावर बॅग खाली ठेवायची हिंमत होत नसे, ती मांडीवरच. लातुरात पोचलं की मशीनचं झाकण उघडायचं. डिस्कच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा जंपर. तो नखाने किंवा चिमट्याने काढून ‘मास्टर’वरून ‘स्लेव्ह’वर बसवायचा. चाळीस पिनांची पट्टीसारखी करडी केबल, तिची लाल कड वीजपुरवठ्याच्या बाजूला येते ना ते बघून दाबून बसवायची. मग बायोसमध्ये दोन्ही डिस्क दिसतात का ते बघायचं. दिसल्या की निम्मं काम झालं.

आताचं चित्र फार वेगळं आहे. लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, बायोसच्या जागी यूईएफआय आलं, ४४६ बाइटची मारामारी संपली. प्रत्येक सिस्टिमचा बूटलोडर एका वेगळ्या फॅट-३२ पार्टिशनवर आपापल्या फोल्डरमध्ये असतो. एकाने दुसऱ्याला पुसण्याचं कारणच उरलं नाही. फार तर अपडेटनंतर विंडोज यादीत वर जाऊन बसते, तेव्हा सेटअपमध्ये जाऊन क्रम बदलायचा. ही व्यवस्था जुन्यापेक्षा निश्चित चांगली आहे. लोकांचे फोटो, हिशेब, प्रबंध वाचले, हे मला जुन्या थरारापेक्षा मोठं वाटतं.

पण आताचा बिघाड बोलत नाही. विद्यापीठात किंवा इंजिनिअरिंगला शिकणारं पोरगं लॅपटॉप घेऊन येतं: “सर, उबंटू टाकायला गेलो तर निळी स्क्रीन येऊन की मागायलंय.” बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की. ती ज्या ईमेल खात्यात साठवलेली असते, ते खातं घेताना दुकानात कुणीतरी उघडून दिलेलं, पासवर्ड कुणाच्या लक्षात नाही. इथे माझं ज्ञान उपयोगाचं नाही. की सापडली तर डेटा आहे, नाही तर नाही. मग मामाला फोन, दुकानदाराला फोन, जुन्या सिमचा शोध. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभर अनेकांचं लिनक्स सुरू व्हायचं थांबलं. स्क्रीनवर फक्त सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याची ओळ. सिक्युर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन एक नोंद पुसायची, पुन्हा चालू करायचं, एवढाच उपाय होता. तो फोनवर शोधला तर दहा मिनिटांत मिळतो. तेव्हा त्यासाठी नांदेड गाठावं लागलं असतं.

मला खरी उणीव जाणवते ती माणसांची. तेव्हा एक मशीन अडलं की एका खोलीत बरेच जण बसायचे, प्रत्येकाचा तर्क वेगळा, आणि रात्र संपेपर्यंत सगळ्यांना डिस्क आतून कशी असते ते कळलेलं असायचं. आता पोरगा एकटाच व्हिडिओ बघतो, कमांड चिकटवतो, काम होतं, आणि काय झालं ते त्याला माहीत नसतं. बहुतेकांना दोन सिस्टिम ठेवायची गरजही पडत नाही. लिनक्स विंडोजच्या आतच चालतं.

म्हणून सुट्टीच्या दिवशी लातुरात पोरं जमली की मी त्यांना व्हर्च्युअल मशीन मुद्दाम मोडायला लावतो. जुन्या पद्धतीची डिस्क बनवायची, दोन सिस्टिम टाकायच्या, आणि पहिले ४४६ बाइट शून्याने पुसायचे. ५१२ नाही, ४४६. नाही तर पार्टिशन टेबलही जातं. मग सगळ्यांनी मिळून उभं करायचं, फोन बाजूला ठेवून. मागच्या वेळी उदगीरच्या एका मुलीने मेनू परत आणला आणि लगेच विचारलं, “सर, मग माझ्या लॅपटॉपमध्ये हे ४४६ बाइट कुठे असतील?” तिच्याच लॅपटॉपवर ते फॅट-३२ चं पार्टिशन उघडलं, आणि बाकीची पोरं खुर्च्या ओढून तिच्याभोवती आली.