मामाचं पोर्टेबल सेवाग्राम

सेवाग्रामला लोक बापूकुटी बघायला जातात. मी गेले होते मामाचं स्टेशन बघायला!

मामा रेल्वेत गार्ड होता. रिटायर झाल्यावर त्याने पुण्यात कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहिलं (१९९८ पासूनचं, तुम्हीही बघा) आणि डोक्यात किडा शिरला. आता घर विकलंय. जूनमध्ये तो कायमचा पुण्याला, दादाच्या टू बीएचकेत शिफ्ट होतोय. ‘पन स्टेशन तं नेतोच मी,’ म्हणाला.

हिशेब मजेशीर आहे. एचओ स्केल म्हणजे १:८७. या मापात २४ डब्यांची गाडी साडेसहा मीटर लांब होते! मामाने सहा डब्यांवर तडजोड केली. चार बाय दोन फुटांचे दोन बोर्ड, खाली पातळ प्लाय, वर दोन इंची इन्सुलेशन फोम. वजनाला हलका, आणि रुळाखालचा नाला कोरून काढता येतो.

घाई नडली

चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. मी स्मार्टपणे हार्डवेअरवाल्याकडून रबरी सोल्युशन आणलं. लावताच फोम बर्फासारखा विरघळला. त्यातलं सॉल्व्हंट फोम खातं, हे मला कुठे माहीत! मग पांढरा डिंक आणला, भरपूर ओतला आणि चार तासांनी बोर्ड उचलला. फोम माझ्या हातात, प्लाय जमिनीवर. कडा कडक, मध्ये मात्र ओलं दही. फोममधून पाणी उडत नाही. ते प्लायनेच शोषायचं असतं.

‘घाई कायले करतं वं पोरी?’ मामा एवढंच बोलला. फोम एवढाच उरला होता, आणि टेम्पो चार दिवसांवर.

पुन्हा सुरुवात. जुना डिंक खरवडला. फोमवरची प्लॅस्टिकची फिल्म काढली, पॉलिश पेपर मारला. डिंक दातेरी पत्र्याने पातळ ओढला, वर मामाची सगळी पुस्तकं वजनाला ठेवली. गांधीजी, विनोबा, रेल्वेची टाइमटेबलं!

दोन दिवस काय करायचं?

आश्रमात जायचं. १९३६ मध्ये गांधीजी इथे आले, तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. पत्रं शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. आदिनिवास, बा-कुटी, बापूकुटी: माती, बांबू, कौलं, सगळं आसपासचं. बापूकुटीच्या गारव्यात बसले आणि मोबाइल चक्क विसरले. संध्याकाळी मामाबरोबर स्टेशनवर. पूर्वीचं हे ‘वर्धा ईस्ट’. दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या इथूनच बल्लारशाहकडे वळतात. मामा आवाजावरून मालगाडी रिकामी की भरलेली, ते सांगत होता. पुण्याच्या चौथ्या मजल्यावर हे त्याला कोण विचारणार?

तिसऱ्या दिवशी पुस्तकं उचलली. मामाने बोर्ड उभा केला, हलवला, बुक्कीही मारली. फोम जागचा हलला नाही. मग त्याने पेन्सिलने रुळांची पहिली रेघ ओढली आणि बोर्ड जुन्या चादरीत गुंडाळला.

टेम्पोत सोफ्याला जागा उरली नाही. स्टेशनला होती!

जाणार असाल तर: वर्धा जंक्शन किंवा सेवाग्राम स्टेशनला उतरा, पुढे आश्रमाला रिक्षा. परतताना धाम नदीकाठचा विनोबांचा पवनार आश्रम चुकवू नका. मे टाळा, हिवाळा बेस्ट!