‘इट’ म्हणजे कोण?

‘आय शाउटेड मायसेल्फ होर्स.’ चार शब्दांचं वाक्य. मराठी माणूस ‘ओरडून ओरडून माझा घसा बसला’ म्हणतो आणि मोकळा होतो. आपल्याकडे आधी ओरडणं, मग घशाचं बसणं. दोहोंना सांधायला ‘ऊन’ हजर, आणि ओरडणं किती वेळ चाललं ते सांगायला द्विरुक्ती. घसा बिचारा आपला आपण बसतो. इंग्रजीत घशाचं नावही नाही. तिथे ओरडणाऱ्याने ओरडण्याच्या क्रियेपुढे स्वतःलाच कर्म म्हणून उभं केलंय!

खरं तर ‘शाउट’ला असलं कर्म चालायला नको. माणूस शब्द ओरडेल, शिवी ओरडेल. स्वतःला कसा ओरडेल? पण ‘मायसेल्फ’ काढून पाहा. ‘आय शाउटेड होर्स’ असं कोणी म्हणत नाही. ‘होर्स’ हे विशेषण ओरडण्याचा परिणाम सांगतं, आणि त्या परिणामाला टेकायला क्रियापदाच्या पुढ्यात कोणीतरी लागतं. कोणी नसेल तर सर्वनाम आणून बसवायचं. हसून हसून पुरेवाट झाली, ‘लाफ्ड हिमसेल्फ सिली’. कुत्रा भुंकल्याने बाळ जागं झालं, ‘द डॉग बार्क्ड द बेबी अवेक’. गिऱ्हाइकांनी गुत्त्यातली दारू संपवली, की त्यांनी गुत्ताच कोरडा प्यायला: ‘ड्रँक द पब ड्राय’.

भाषाशास्त्रज्ञांनाही या प्रकाराने चांगलंच गुंतवून ठेवलं. अमेरिकेच्या अडेल गोल्डबर्ग यांचं ‘कन्स्ट्रक्शन्स’ हे पुस्तक १९९५ मध्ये आलं. त्यात त्यांनी शिंकेचं उदाहरण घेतलं. शिंकण्याला कर्म नसतं, हे शाळकरी पोरही सांगेल. तरी कोणी शिंकून टेबलावरचा रुमाल खाली उडवला, तर इंग्रजीत ‘रुमाल शिंकला’ अशा थाटाचं वाक्य बिनदिक्कत होतं, आणि ऐकणाऱ्याला ते कळतंही. गोल्डबर्ग यांचं म्हणणं असं, की इथला अर्थ एकट्या क्रियापदाचा नाही. वाक्याच्या साच्यालाच स्वतःचा अर्थ असतो. हे पटण्यासारखं आहे, कारण शिंक या शब्दात रुमाल कितीही शोधला तरी सापडत नाही.

साच्यावर एवढी भिस्त का, हेही उघड आहे. मराठीत ‘जागं’ म्हटलं की ते बाळाबद्दल, ‘जागी’ म्हटलं की मुलीबद्दल. विशेषणाचं शेपूटच सांगतं. जुन्या इंग्रजीतही विशेषणांना अशी शेपटं होती. पुढे ती झडली आणि सगळा भार जागेवर आला. ‘ही फाउंड द एम्प्टी केज’ म्हणजे त्याला रिकामा पिंजरा सापडला, बहुधा तो पिंजराच शोधत होता. ‘ही फाउंड द केज एम्प्टी’ म्हणजे पोपट उडालेला!

या जागांच्या खेळात सर्वनामाचे लाड वेगळेच. लाथ मारून दार उघडलं, तर ‘किक द डोअर ओपन’ चालतं आणि ‘किक ओपन द डोअर’ही चालतं. दाराच्या जागी ‘इट’ आलं, की ‘किक इट ओपन’ एवढंच. दिवा मालवतानाही तेच: ‘टर्न इट ऑफ’, ‘टर्न ऑफ इट’ नाही. (‘लुक आफ्टर हिम’ची गोष्ट निराळी, तिथे ‘आफ्टर’ हे ‘हिम’चं शब्दयोगी अव्यय आहे.) इंग्रजीत वाक्याच्या शेवटाला वजन असतं, नवी बातमी तिथे येते. ‘इट’ ही जुनीच बातमी, तिच्यावर आघातही नाही. मग तिने मध्ये अंग चोरून बसावं. नियम पाठ करण्यापेक्षा दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून पाहिली तर हे लवकर कळतं.

पण काही वेळा हे ‘इट’ कोणाचंच नसतं. ‘टेक इट ईझी’, ‘प्ले इट सेफ’, ‘गो इट अलोन’. इथे ‘इट’ म्हणजे काय, हे सांगताना भल्या मास्तरांची त्रेधा उडेल. ‘स्ट्राइक इट रिच’ खाणींच्या मुलखातलं: खणता खणता घबाड लागणं. सॅम्युअल क्लेमेन्स नावाचा तरुण १८६१ मध्ये थोरल्या भावाबरोबर नेव्हाडात गेला. भाऊ त्या प्रांताचा सचिव म्हणून नेमला गेला होता. धाकट्याने चांदीच्या मागे लागून खणून पाहिलं, हाती काही लागलं नाही, आणि तो व्हर्जिनिया सिटीच्या वर्तमानपत्रात बातमीदार झाला. मार्क ट्वेन हे नाव त्याने तिथेच घेतलं. त्या दिवसांवरचं त्याचं पुस्तक १८७२ मध्ये निघालं, ‘रफिंग इट’. रफ या विशेषणाचंच क्रियापद झालं आणि त्याच्या पुढ्यात पुन्हा तेच बेवारशी ‘इट’.

सर्वनाम मधून गेलं आणि क्रियापदाला विशेषण थेट भिडलं, की आणखी गंमत. दूध ‘गोज सावर’, माणूस ‘गोज मॅड’. स्वप्न मात्र ‘कम्स ट्रू’. भाषाशास्त्रज्ञ ईव्ह क्लार्क यांनी १९७४ मध्ये याचा माग काढला: नेहमीच्या, हव्याशा स्थितीकडे येणं, तिच्यापासून जाणं. मराठीला हे परकं नाही. वेळ वाया जातो, दूध नासून जातं, कष्ट फळाला येतात. अर्थात धंदा डबघाईलाही येतोच. इंग्रजीतही गाठ सुटते तेव्हा ती ‘कम्स लूज’.

क्रियापदाला थेट भिडलेल्या विशेषणावरून वादही होतो. १९९७ मध्ये ॲपलने ‘थिंक डिफरंट’ ही जाहिरात काढली, तेव्हा ‘डिफरंटली’ हवं होतं, अशी व्याकरणप्रेमींची तक्रार होती. ‘थिंक डिफरंटली’ म्हणजे विचाराची रीत बदला. ‘थिंक डिफरंट’ म्हणजे जे वेगळं आहे त्याचाच विचार करा. ‘थिंक बिग’ तर इंग्रज आधीपासून म्हणतच होते. त्या जाहिरातीत व्याकरणाची चूक नव्हती.