उसनं प्रथिन

कोळशाचे ढीग आपोआप पेटतात, हे चंद्रपूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मी मार्कंड्याचा, वैनगंगेकाठचा. शिकायला चंद्रपुरात आल्यावर पहिल्यांदा पाहिलं. काडी न लावता धूर! कोळसा हवेतला ऑक्सिजन घेत आतल्या आत तापत जातो, गंधक असेल तर त्याचं आम्ल होतं.

अशाच एका तापल्या ढिगात, अमेरिकेतल्या इंडियानात, एक जीव सापडला. १९७० साली त्याची नोंद झाली: थर्मोप्लाझ्मा ॲसिडोफिलम. ५९ अंश सेल्सिअसला, लिंबाच्या रसाहून आंबट पाण्यात तो मजेत वाढतो. वर पेशीला भिंतही नाही. एम.एस्सी.च्या सेमिनारला मी तोच घेतला.

त्याला कारण होतं. गेल्या मेमध्ये तेंदूपत्ता तोडताना आई उन्हात जास्त वेळ थांबली. ताप १०५ वर गेला. ती वाचली, पण चालताना अजून तोल जातो. पाच-सहा अंशांनी माणूस कोसळतो आणि हा उघडावाघडा जीव ५९ ला कसा टिकतो?

डीएनए हा दोन पदरी दोर. उष्णतेनं पदर सुटे होतात. आपल्या प्रत्येक पेशीतला सुमारे दोन मीटरचा दोर हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. बहुतेक बॅक्टेरियांकडे ही रिळं नाहीत; त्यांच्याकडे एचयू असतं. जेमतेम नव्वद अमिनो आम्लांचं. दोन रेणू जोडी करतात आणि जोडीतून निघालेले दोन हात डीएनएला मिठी मारतात. ही रचना १९८४ साली दिसली ती उष्णताप्रेमी बॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या एचयूत. साध्या तापमानात राहणाऱ्या बॅसिलस सबटिलिसचं एचयू जवळपास तसंच आहे. मोजकी अमिनो आम्लं बदलली की ते तापात टिकतं. मला ही कंजुषी फार आवडते.

थर्मोप्लाझ्मा मात्र बॅक्टेरिया नाही, आर्किया आहे. बऱ्याच आर्कियांकडे आपल्यासारखे हिस्टोन असतात, याच्याकडे नाहीत. १९७५ साली डेनिस सीअर्सी यांनी त्याच्यात एचटीए नावाचं हिस्टोनसारखं प्रथिन दाखवलं. ते चिकटलं की डीएनएचे पदर सुटायला बरंच जास्त तापमान लागतं. गंमत अशी की त्याची घडण बॅक्टेरियाच्या एचयूची आहे. म्हणजे कुठल्यातरी पूर्वजानं हे जनुक बॅक्टेरियाकडून उचललं. आणि २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं की ते डीएनएवर बसतं मात्र आर्कियांच्या हिस्टोनसारखं. भांडं शेजारचं, स्वयंपाक घरचा.

आईला हे सांगितलं. तिनं विचारलं, "मंग आपल्याले काऊन नाही भेटत तसं?"

मी सांगितलं, मिळालं तरी उपयोग नाही. १०५ तापात आपला डीएनए काही विरघळत नाही. बाकीची प्रथिनं विस्कटतात, पेशींची पटलं गळू लागतात, सगळ्या अंगात सूज पसरते. त्या जीवाचं एकेक प्रथिन, पटलसुद्धा, ५९ अंशांच्या बेतानं शिवलेलं आहे. आपलं सगळं ३७ च्या मापाचं.

"बरं," म्हणाली आणि पुडे बांधायची दोरी शोधायला लागली. या वर्षीही ती जंगलात जाणार आहे. सत्तर पानांचा एक पुडा. शेवटच्या सेमिस्टरची फी अजून भरायची आहे.